समाजसेवक मॅडमची नोंदणी कुठे असते?

सरकारी रुग्णालयात कुणाला घेऊन जायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर केसपेपरची खिडकी, रक्ततपासणीची रांग आणि औषधांचा काउंटर यांच्याखेरीज आणखी एक खोली तुम्ही पाहिली असेल. बहुधा तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला, नाहीतर जुन्या इमारतीच्या टोकाला. दारावर पाटी असते : ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’. आत एक टेबल, फायलींनी भरलेली दोन कपाटं आणि बाहेरच्या बाकड्यावर दहा-बारा माणसं. या खोलीत बसणाऱ्या व्यक्तीला सगळे ‘समाजसेवक मॅडम’ किंवा ‘समाजसेवक साहेब’ म्हणतात. तिथे बिल माफ करून मिळतं, एवढीच बहुतेकांची समजूत असते.

ती अगदीच खोटी नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, शिधापत्रिकेवर ‘सुमनबाई’ आणि आधार कार्डावर ‘सुमन’ असेल तर काय करायचं, मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेल्या दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठीच्या दहा टक्के खाटांपैकी एखादी मिळेल का, हे सगळं या खोलीतच मार्गी लागतं. पण हा झाला कामाचा दिसणारा भाग. मी गेली पंचवीसहून अधिक वर्षं सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करतो आहे, आणि या खोलीतून होणारं दुसरं काम मी वॉर्डात रोज पाहतो.

एक रात्रपाळीचा वॉचमन वर्षभरात तिसऱ्यांदा साखर प्रचंड वाढून, रक्तात आम्ल साचून आमच्याकडे ॲडमिट झाला. इन्सुलिन लिहून दिलेलं होतं, मोफत मिळतही होतं, आणि ‘घेतो की साहेब’ असं तो सांगतही होता. आमच्या समाजसेविकेनं त्याच्याजवळ अर्धा तास बसून त्याचा दिवस कसा जातो ते विचारलं. तो आठ जणांबरोबर एका खोलीत राहत होता, फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिन घरमालकाच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं. मालक गावाला गेला की वरच्या मजल्याला कुलूप. सणासुदीला, लग्नसराईत, म्हणजे नेमके तेच तीन महिने. केसपेपरवर यातलं काहीच नव्हतं. वापरात असलेली बाटली काही आठवडे माठाजवळ गारव्याला ठेवली तरी चालते, हे समजावून सांगितल्यावर चौथी वेळ आली नाही.

हे झालं सोपं उदाहरण. फवारणीचं औषध पिऊन आलेल्या बाईला ॲट्रोपिन देऊन, व्हेंटिलेटरवर ठेवून आम्ही वाचवतो. आठव्या दिवशी तिला घरी पाठवायचं असतं, ते त्याच घरात. तिनं ते औषध का घेतलं, पुन्हा घेईल का, घरात मारहाण आहे का, माहेरचं कुणी नेणारं आहे का, पोलिसांना दिलेल्या जबाबात ‘चुकून प्यायले’ असं लिहिलंय ते खरं का, हे कुणीतरी विचारावं लागतं आणि त्या उत्तरांवर निर्णय घ्यावा लागतो. नवऱ्याला किडनी देणारी बायको मनापासून देते आहे की सासरच्या चार माणसांनी तिला तसं बोलायला शिकवून आणलं आहे, हेही कुणाला तरी तिच्याशी एकटीशी बोलून ओळखावं लागतं. याला जगभर ‘क्लिनिकल सोशल वर्क’ म्हणतात. रुग्णाचं मन, घर, पैसा आणि आजार या चारींचा एकत्र विचार करून केलेले उपचारच आहेत हे. त्यात मूल्यमापन आहे, समुपदेशन आहे, धोका ओळखणं आहे. चूक झाली तर माणूस दगावू शकतो. म्हणूनच हे काम कुणी करावं आणि चुकलं तर कुणाला जाब द्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

या व्यवसायाचा उगम गमतीदार आहे. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्टुअर्ट नावाच्या बाईंना ‘आल्मनर’ म्हणून नेमलं गेलं. मोफत उपचारांच्या रांगेत पैसे देऊ शकणारे किती जण घुसले आहेत ते पाहणं, हे त्यांचं मुख्य काम होतं. थोडक्यात, खरा गरीब कोण ते शोधायचं. सव्वाशे वर्षांनंतरही आमच्या समाजसेवकांचा निम्मा दिवस त्यातच जातो! पुढे १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी वेगळा विचार मांडला. क्षयरोग्याला ‘विश्रांती घ्या, चांगलं खा’ असं लिहून देणारा डॉक्टर त्याच्या घरात काय शिजतं ते जाणत नसेल, तर त्या कागदाला अर्थ नाही. त्यांनी रुग्णालयात समाजकार्याचा विभाग सुरू केला आणि आयडा कॅनन यांनी तो नावारूपाला आणला.

आपल्याकडे हे रोप लागलं ते मुंबईत. नागपाड्यात काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याच्या पुढाकारानं १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात समाजसेवकाची नेमणूक झाली. देशातल्या रुग्णालयातली ती अशी पहिली नेमणूक मानली जाते. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आणि इतर ठिकाणी महाविद्यालयं निघाली. दोन वर्षांचा एमएसडब्ल्यू, त्यात वैद्यकीय आणि मनोविकृती समाजकार्याचं विशेष शिक्षण, आणि वर्गाबरोबरच रुग्णालयांत, वस्त्यांत जाऊन करायचं क्षेत्रकार्य, अशी घडी बसली. शिक्षणाच्या बाबतीत आपण जगाच्या फार मागे नव्हतो. मागे राहिलो ते नोंदणीच्या बाबतीत.

कोविडच्या थोडं आधीची गोष्ट. एक गृहस्थ आपल्या चोविशीतल्या मुलाला घेऊन आले. मुलगा चार रात्री झोपला नव्हता, अखंड बोलत होता, गावातली जमीन विकून विमान कंपनी काढायच्या गोष्टी करत होता. त्याला बायपोलर आजार होता आणि लिथियमवर तो दोन वर्षं उत्तम होता. नोकरीही करत होता. तालुक्याच्या गावी कुणीतरी सुचवलं म्हणून ते त्याला एका समुपदेशन केंद्रात नेऊ लागले. तिथल्या माणसानं सहाव्या भेटीत सांगितलं की, या गोळ्यांची सवय लागते, त्या थांबवा, आपण विचारांवर काम करू. एवढंच नाही, मुलाला कोणता आजार आहे ते त्यानं गावातल्या एका ओळखीच्याला बोलता बोलता सांगूनही टाकलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. केंद्राचं व्हिजिटिंग कार्ड त्या गृहस्थांनी मला दाखवलं. नावाखाली लिहिलं होतं, ‘क्लिनिकल सोशल वर्कर व समुपदेशक’.

मुलगा आमच्या मानसोपचार विभागात तीन आठवडे राहून बरा झाला. डिस्चार्जच्या दिवशी वडिलांनी मला विचारलं, “डॉक्टर, ह्यांची तक्रार कुठं करायची?”

मी चुकलो तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. सिस्टर चुकल्या तर नर्सिंग कौन्सिल आहे. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टची फार्मसी कौन्सिलकडे नोंद असते, फिजिओथेरपिस्टसाठी राज्यात २००२ चा कायदा आहे. या सगळ्यांकडे एक नोंदणी क्रमांक असतो आणि तो रद्द होऊ शकतो. त्या कार्डावरच्या माणसाकडे असा क्रमांकच नव्हता, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नव्हतं. त्यानं समाजकार्याची पदवी घेतली होती की शनिवार-रविवारचा एखादा कोर्स केला होता, हे कळायलाही मार्ग नव्हता. ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ हे शब्द कार्डावर कुणीही छापू शकत होतं. पतसंस्थेचा पिग्मी एजंट दारात आला तरी आपण त्याचं ओळखपत्र पाहतो. इथे तर माणूस आपल्या घरातली सर्वांत नाजूक गोष्ट समोरच्याच्या हवाली करतो. त्या गृहस्थांना मी ग्राहक मंचाचा रस्ता सांगितला. ‘तिथं गेलो तर पोराचा आजार अजून चार लोकांना कळंल,’ म्हणत ते गेले नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. तिथे परिस्थिती जरा गुंतागुंतीची आहे, तेव्हा धीर धरून वाचा.

१९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. अपंगांच्या पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांची नोंद ही परिषद ठेवते. त्यात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहेत आणि पुनर्वसन क्षेत्रातले समाजसेवकही आहेत. पण रुग्णालयातला, कर्करोगाच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णांबरोबर काम करणारा समाजसेवक या चौकटीत बसत नाही.

मग आला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्यानं पहिल्यांदाच ‘मनोविकृती समाजसेवक’ म्हणजे कोण याची व्याख्या केली. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकृती समाजकार्यातलं दोन वर्षांचं, पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेलं एम.फिल. शिवाय राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणानं अशा व्यक्तींची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करायची. व्याख्या चांगली आहे, पण ती पूर्ण करणारी माणसं किती? हे एम.फिल. बंगळुरूची निम्हान्स, रांची, तेजपूर, दिल्ली अशा मोजक्या ठिकाणी शिकवलं जातं आणि जागा थोड्या असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या प्रत्येक चमूत असा एक माणूस अपेक्षित आहे. ती जागा साध्या एमएसडब्ल्यूनं भरली जाते किंवा रिकामी राहते.

याहून मोठा तिढा पुढे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली. म्हणजे एका कायद्यानं ज्या पदवीशिवाय नोंदणी नाही असं म्हटलं, ती पदवी दुसऱ्या नियमानं मोडीत निघाली. ओरड झाल्यावर आयोगानं २०२४ च्या सुरुवातीला चिकित्सा-मानसशास्त्र आणि मनोविकृती समाजकार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. दोन सरकारी खात्यांनी एकमेकांना विचारलं असतं तर हे टळलं असतं, पण आपल्याकडे फाइल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायलाच वेळ लागतो. ही तर दोन वेगळ्या मंत्रालयांची गोष्ट.

या कायद्यातली आणखी एक फट सहज लक्षात येत नाही. त्याचा मुख्य रोख ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ यावर आहे, म्हणजे जिथे रुग्ण दाखल होतो किंवा राहतो अशा जागेवर. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या आणि टिश्यू पेपरचा डबा एवढ्यावर चालणारं समुपदेशन केंद्र ‘आस्थापना’ ठरत नाही. आमच्या त्या गृहस्थांचा अनुभव नेमका अशाच खोलीतला होता.

तिसरा आणि सर्वांत व्यापक कायदा २०२१ चा. नाव लांबलचक आहे : राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि फार्मासिस्ट सोडून आरोग्यक्षेत्रात जे पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत, त्या सगळ्यांना हा कायदा एका छत्राखाली आणतो. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, एक्स-रे काढणारे, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ. आणि त्याच्या परिशिष्टात, सामुदायिक सेवा आणि वर्तनविषयक आरोग्यविज्ञान या गटात, स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे : सोशल वर्कर, त्यात क्लिनिकल सोशल वर्कर, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि मेडिकल सोशल वर्कर आले. देशाच्या कायद्यात हे तिन्ही शब्द एका ओळीत येणं ही या व्यवसायासाठी फार मोठी घटना होती, पण वर्तमानपत्रांत तिच्याबद्दल फारसं आलं नाही.

या कायद्यानुसार केंद्रात आयोग आणि राज्याराज्यांत परिषदा, केंद्राचं आणि राज्यांचं रजिस्टर, अभ्यासक्रमाचे किमान तास, व्यावसायिक वर्तनाचे नियम आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला शिक्षा, अशी रचना आहे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागेल असं त्यात म्हटलं आहे. कागदावर सगळं आहे, पण अंमलबजावणी इतकी रेंगाळली की, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. आयोगाचं काम आता पुढे सरकतं आहे. तरी फिजिओथेरपीसारख्या संख्येनं मोठ्या आणि संघटित व्यवसायांकडे आधी लक्ष जाणार हे उघड आहे. समाजसेवकांची रांग मागे आहे, आणि रांगेत ढकलाढकली करणं त्यांच्या स्वभावात नाही.

नोंदणी म्हणजे नुसता क्रमांक नव्हे. ती नीट राबवली तर काय होतं याचं उदाहरण कॅलिफोर्नियाचं देतो, कारण ते मला जवळून माहीत झालं. आमच्याच वॉर्डात दहा वर्षं काम केलेली एक समाजसेविका लग्नानंतर तिकडे गेली. मुंबईची एमएसडब्ल्यू आणि दहा वर्षांचा अनुभव. तिला वाटलं, चार महिन्यांत काम मिळेल. आधी तिची पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का याची तपासणी झाली. मग ‘असोसिएट’ म्हणून नोंद. त्यानंतर परवानाधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली ३,००० तास काम, तेही किमान १०४ आठवड्यांत पसरलेलं. कायदा आणि नीतिनियमांची एक परीक्षा, क्लिनिकल ज्ञानाची दुसरी. आत्महत्येचा धोका कसा ओळखायचा याचं प्रशिक्षण सक्तीचं. “सर, इथे माझी दहा वर्षं शून्य झाली,” असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली होती. वर्षभरानं तिचाच फोन आला. दर आठवड्याला कुणीतरी वरिष्ठ बसून आपल्या केसबद्दल तासभर विचारतं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, असं ती म्हणाली. आमच्याकडे ती दहा वर्षं एकटीच निर्णय घेत होती.

तिथे कुणाचाही परवाना कोणताही नागरिक घरबसल्या नाव टाकून तपासू शकतो आणि त्याच्यावर कारवाई झाली असेल तर तीही दिसते. रुग्णाशी शारीरिक संबंध ठेवणं हा गुन्हा आहे, आणि उपचार संपल्यावरही दोन वर्षं ते निषिद्ध आहे. आधीच्या थेरपिस्टनं असं केल्याचं एखाद्या रुग्णानं सांगितलं, तर त्याचे हक्क समजावणारी छापील पुस्तिका त्याच्या हातात देणं नव्या थेरपिस्टला बंधनकारक आहे. मला हा नियम फार बोलका वाटतो. असं घडतं हे तिथल्या कायद्यानं मान्य केलं आहे. आपण मात्र समुपदेशनाच्या बंद खोलीत असं काही होतच नाही असं धरून चाललो आहोत.

इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हा शब्दच २००५ पासून कायद्यानं राखीव आहे. नोंदणी नसताना तो लावला तर गुन्हा होतो. डिसेंबर २०१९ पासून ‘सोशल वर्क इंग्लंड’ ही स्वतंत्र संस्था हे काम पाहते.

पण परदेशातलं सगळंच उचलून आणावं असंही नाही. अमेरिकेतल्या परवाना परीक्षेचे निकाल वंशवार करून २०२२ मध्ये जाहीर झाले तेव्हा खळबळ उडाली. क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात गोऱ्या उमेदवारांपैकी साधारण ८४ टक्के उत्तीर्ण होत होते, तर कृष्णवर्णीयांपैकी ४५ टक्के. एवढी तफावत दिसल्यावर परीक्षा कौशल्य मोजते की राहणीमान आणि भाषा, हा प्रश्न येतोच. आपल्याकडे उद्या एकच राष्ट्रीय परीक्षा आली आणि ती फक्त इंग्रजीत झाली, तर गडचिरोलीतल्या मुलीचं काय होईल, याचा विचार आत्ताच करायला हवा. ती गोंडी बोलते, मराठीत शिकली आहे आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या घरी तिला मानाचं पाणी मिळतं. तिच्याहून चांगली समाजसेविका त्या भागाला मिळणार नाही.

समाजकार्याच्या क्षेत्रातल्या अनेक ज्येष्ठांचाही नोंदणीबद्दल एक आक्षेप असतो, आणि तो मला रास्त वाटतो. हा व्यवसाय वस्तीतून, कामगारांच्या चाळीतून वर आला. त्याला परवाना चिकटवला की तो बंद खोलीतल्या तासावर पैसे घेणाऱ्या थेरपीकडे झुकेल आणि मूळ काम मागे पडेल, ही त्यांची भीती. माझं उत्तर असं की, बंद खोली आधीच आली आहे. ती आपण बोलावली नाही, पण शहरात गल्लोगल्ली ‘काउन्सेलिंग सेंटर’च्या पाट्या आहेत. वस्तीतल्या संघटकाला, आशाताईंना, व्यसनमुक्ती गटाच्या कार्यकर्त्याला कुणी परवाना मागू नये. पण जो माणूस ‘क्लिनिकल’ हा शब्द लावतो, आजाराचं मूल्यमापन करतो आणि त्याबद्दल फी घेतो, त्यानं रजिस्टरमध्ये असलंच पाहिजे.

आणि जुन्या माणसांचं काय? आमच्या रुग्णालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक समाजसेविका आहेत. एचआयव्हीचं नाव घ्यायलाही लोक घाबरत होते त्या काळात, औषधं मिळत नव्हती तेव्हा, त्यांनी शेकडो कुटुंबांना सांभाळलं. त्यांच्याकडे एम.फिल. नाही. २०१७ च्या व्याख्येनुसार त्या मनोविकृती समाजसेवक ठरत नाहीत. अशा अनुभवी लोकांसाठी ठरावीक मुदतीत नोंदणीचा वेगळा दरवाजा ठेवला नाही, तर कायदा चांगल्यांना बाहेर काढेल आणि नुसती कागदपत्रं असलेल्यांना आत घेईल. कंपाउंडर आणि जुने फार्मासिस्ट यांच्या बाबतीत देशानं असा मार्ग एकदा काढला होता, तेव्हा ही काही अशक्य गोष्ट नाही.

गुप्ततेचा मुद्दा राहिलाच. रुग्ण जे डॉक्टरला सांगत नाही ते समाजसेवकाला सांगतो. पण वकिलाला पक्षकारानं सांगितलेली गोष्ट न्यायालयातही उघड न करण्याचं जे कायदेशीर संरक्षण आहे, ते समाजसेवकाला नाही (डॉक्टरलाही नाही). शिवाय काही गोष्टी सांगाव्याच लागतात. अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रशिक्षित समाजसेवक ही मर्यादा पहिल्याच भेटीत समजावून सांगतो : ‘तू सांगशील ते माझ्याकडेच राहील, पण अमुक गोष्टी असतील तर मला पुढे कळवावं लागेल.’ अप्रशिक्षित माणूस आधी सगळं काढून घेतो आणि मग घाबरतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीनं या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

परिषदा पूर्ण उभ्या राहीपर्यंत तुम्ही काय करू शकता? खासगी समुपदेशकाकडे जाताना शिक्षण कोणतं, कुठून आणि किती वर्षांचं, हे सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही. पदवी समाजकार्याची आहे, मानसशास्त्राची आहे की नुसतं प्रमाणपत्र आहे, हे समजून घ्या. कुणाच्या देखरेखीखाली काम केलं आहे किंवा अडलं तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता, हेही विचारा. ज्याच्याकडे पाठवायला कुणीच नाही त्याच्यापासून जरा लांब राहा. डॉक्टर नसलेल्या कुणीही गोळ्या थांबवायला सांगितल्या, तर त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन केल्याशिवाय थांबवू नका. लिथियमसारखी औषधं अचानक सोडली तर आजार पूर्वीपेक्षा जोरात उलटतो. मनोविकृती समाजसेवक म्हणवून घेणाऱ्याला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद आहे का असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मनोरुग्णालयात किंवा रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात दाखल असताना सेवेत त्रुटी राहिली, तर २०१७ च्या कायद्याचं कलम २८ रुग्णाला आणि त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीला तक्रारीचा हक्क देतं. आधी तिथल्या प्रमुखाकडे, समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, आणि त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहून द्या आणि पोच घ्या. रुग्णाला कधी घरी सोडणार, घरी कोण पाहणार, पुढची तपासणी कुठे, हे ठरवताना रुग्णाशी आणि कुटुंबाशी चर्चा झाली पाहिजे असं त्याच कायद्याचं कलम ९८ सांगतं. ती झाली नसेल तर डिस्चार्ज कार्ड हातात घेण्यापूर्वी ‘समाजसेवक मॅडमशी बोलायचंय’ एवढं म्हणा. आणि जवळपास कुणीच नसेल, रात्रीची वेळ असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.